द्वीपकल्प म्हणविणारें बेट

इतिहासाचा व्यवसाय करणारा मनुष्य माणसाच्या साक्षीविषयीं जितका संशयी असतो तितका जमिनीच्या साक्षीविषयीं नसतो. बखरकारानें सन चुकविला असेल, बातमीदारानें धन्याची मर्जी राखण्यासाठीं पराभवाला माघारीचें नांव दिलें असेल, हें आपण गृहीतच धरतों. परंतु डोंगर डोंगराच्या जागीं आहे, खिंड खिंडीच्या जागीं आहे, समुद्र आपल्या पायरीवर आहे, या भरंवशावर आपण त्या बखरकाराची उलटतपासणी करीत असतों. नदीचें पात्र थोडेंबहुत सरकलें असेल, एवढी सवलत फार तर देतों. भूमि ही रंगभूमि. तिच्यावरील पात्रें बदलतात, ती बदलत नाहीं, असा हा समज आहे. आणि ज्या देशांत सह्याद्रीसारखा खडक उशाशीं आहे त्या देशांतील माणसानें तो बाळगावा यांत नवल नाहीं. पण पृथ्वीवर असेही प्रदेश आहेत कीं जेथें हा भरंवसा एका मनुष्याच्या आयुष्यांतच खोटा ठरतो. अशाच एका प्रदेशाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

नॉर्वेचा उत्तर किनारा मागें टाकून ध्रुवाच्या दिशेनें समुद्र ओलांडीत गेलें म्हणजे स्वालबार नांवाचा द्वीपसमूह लागतो. १५९६ च्या जून महिन्यांत विलेम बारेंट्स या डच दर्यावर्द्यास तो दिसला, आणि तेथील अणकुचीदार शिखरांवरून स्पिट्सबर्गेन हें नांव पडलें. बारेंट्स निघाला होता तो उत्तरेकडून पूर्वेस जाण्याची वाट शोधावयास. म्हणजे पर्यायानें या ओसाड बेटांच्या शोधासही पूर्वेकडील मसाल्यांचाच मोह कारण झाला. त्याच्या मागून देवमासे मारणारे आले, मग कातड्यांसाठीं पारधी आले, मग कोळसा खणणारे आले. मूळचे रहिवासी असे तेथें कोणी नव्हतेच. या द्वीपसमूहाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर अजूनही बर्फाचें आच्छादन आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७९ अंश उत्तर अक्षांशाच्या लगत, काँग्सफियोर्ड म्हणजे राजाची खाडी आहे, आणि त्या खाडींत ब्लोमस्ट्रान्डहाल्वोया नांवाचा एक डोंगराळ भूभाग आहे. हें लांबलचक नांव वाचकांनीं एकदां नीट उच्चारून पाहावें, कारण सगळी गोष्ट त्या नांवांतच आहे. त्याचा पूर्वार्ध एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाच्या नांवाचा. उत्तरार्धाचा नॉर्वेच्या भाषेंतील अर्थ द्वीपकल्प, शब्दशः बोलावयाचें तर ‘अर्धें बेट’. नांव ठेवणाऱ्यांनीं कांहीं चूक केली नव्हती. त्यांच्या वेळीं या भूभागाच्या तीन बाजूंस समुद्र होता आणि चौथ्या बाजूस ब्लोमस्ट्रान्डब्रेन ही हिमनदी त्याच्या पाठीला घट्ट चिकटून बसली होती. ती हिमनदी मागें मागें हटत गेली. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तिची मिठी सुटली, मधल्या फटींत समुद्र शिरला, आणि अर्ध्या बेटाचें पुरें बेट झालें. नकाशावर मात्र तें आजतागायत द्वीपकल्पच आहे.

या भूमीनें ज्याला आधींच सावध करावयास हवें होतें, पण जो सावध झाला नाहीं, असा एक इंग्रज गृहस्थ या कथेंत आहे. अर्नेस्ट मॅन्सफील्ड हा खनिजांच्या शोधांत आयुष्य घालविणारा मनुष्य. त्याला या तथाकथित द्वीपकल्पावर संगमरवर दिसला. आणि संगमरवर म्हटल्यावर इटलीच्या खाणींशीं स्पर्धा करण्याचें स्वप्नही लगेच दिसलें. नॉर्दर्न एक्स्प्लोरेशन कंपनी उभी राहिली, लंडनचें भांडवल आलें, आणि १९११ च्या सुमारास या निर्जन किनाऱ्यावर घरें, वाफेचीं यंत्रें, याऱ्या आणि रूळ यांची वसाहत झाली. तिला नांव दिलें न्यू लंडन! दगड दिसावयास सुंदर होता यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या सूक्ष्म भेगांत शिरलेलें पाणी युगानुयुगें गोठत आणि वितळत आलें होतें, आणि दर वेळीं गोठतांना तें त्या भेगा रुंदावीत होतें. संगमरवर अंतर्बाह्य तडकलेला निघाला. गारठ्यानें आवळून धरलेला असतांना तो अखंड भासे. उबेंत आला कीं ढासळे. थोड्याच वर्षांत धंदा बसला. यंत्रें तेथेंच गंजत पडलीं व अजून पडलीं आहेत. कांहीं घरें पुढें खाडीच्या दक्षिण तीरावरील न्यू ओलेसुंद या गांवीं हलविण्यांत आलीं. मॅन्सफील्डला हंसणें सोपें आहे. मला त्याची चूक फार ओळखीची वाटते. बर्फानें धरून ठेवलेली वस्तु त्यानें स्वतःच्या बळावर उभी असलेली वस्तु समजली, इतकेंच.

हिमनदी म्हणजे थंडीनें गोठलेली नदी नव्हे. वर्षानुवर्षें सांचलेला हिम स्वतःच्याच भारानें दाबला जाऊन त्याचें घट्ट बर्फ बनतें, आणि तें बर्फ उतारावरून अत्यंत मंद गतीनें सरकूं लागतें. त्या सरकणाऱ्या बर्फाला हें नांव आहे. वरून जितका हिम पडतो त्याहून अधिक खालीं वितळला किंवा समुद्रांत तुटून पडला, म्हणजे तिचें टोंक मागें येतें. ती मागें चालत नाहीं; सरकणें पुढेंच चालूं असतें, पण येणाऱ्यापेक्षां जाणारें अधिक. उत्पन्नापेक्षां खर्च वाढलेल्या जुन्या वतनदार घराण्यासारखी ही स्थिति आहे. थाट चालूं असतो आणि हद्द आंखडत असते. स्वालबारच्या बहुतेक हिमनद्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभास आपल्या अलीकडील काळांतील कमाल विस्तारावर होत्या. तेव्हांपासून त्यांची माघार चालूं आहे. मध्येंच एखादी हिमनदी कांहीं वर्षें एकाएकीं पुढें धांवते, जशी काँग्सवेगेन ही १९४८ त धांवली. पण त्या धांवेंत ती पातळ होते आणि मग पुनः हटूं लागते. अलीकडच्या दशकांत तर स्वालबारची हवा जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगानें तापत आहे.

येथपर्यंतची गोष्ट आतां वर्तमानपत्रें वाचणाऱ्या सर्वांस ठाऊक झाली आहे. बर्फ गेलें, वाईट झालें, एवढ्यावर ती बहुधा संपते. मला विचारावयाचें आहे तें त्यापुढचें. बर्फ गेल्यावर जें उघडें पडतें त्याचें काय होतें?

याचें उत्तर ज्या एका ठिकाणीं फार बारकाईनें शोधलें गेलें आहे, तें न्यू ओलेसुंदपासून पायीं जाण्याइतकें जवळ आहे. मिद्रे लोवेनब्रेन नांवाची एक मध्यम आकाराची हिमनदी तेथें आहे. शंभर-सव्वाशें वर्षांत ती सुमारें एक किलोमीटर मागें हटली आहे. तिच्या पूर्वीच्या हद्दीवर, तिनेंच ढकलून आणलेल्या दगडमातीचा एक बांध उभा आहे. या बांधापासून आजच्या बर्फाच्या कडेपर्यंत चालत जाणें म्हणजे एक दफ्तर शेवटच्या बंदापासून उलट वाचीत जाण्यासारखें आहे. फरक इतकाच कीं येथें जुना कागद प्रथम हातीं येतो. प्रत्येक पावलागणिक जमीन वयानें लहान होत जाते. बांधापाशीं ती आपल्या पणजोबांच्या वयाची, मध्यावर आजोबांच्या, आणि बर्फाच्या कडेशीं जी उभी आहे ती गेल्या उन्हाळ्यांत जन्मलेली.

या अगदीं कोवळ्या जमिनीला जमीन म्हणणेंही धाडसाचें आहे. तिच्यांत मोठाले गोटे, खडी, वाळू आणि हिमनदीनें खडकांवर खडक घांसून केलेलें पीठ हीं सर्व निवड न करतां एकत्र ओतलेलीं असतात. या पिठाला पीठच म्हणावें इतकें तें बारीक असतें. ओढ्यांतून तें खाडींत उतरतें आणि उन्हाळ्यांत समुद्राचें पाणी गढूळ, कोठें कोठें तांबूस, दिसूं लागतें. कित्येक जागीं वरच्या खडीखालीं हिमनदीचा एखादा तुटलेला तुकडा गाडला गेलेला असतो. तो कांहीं वर्षांनीं वितळतो, आणि ज्यावर कालपर्यंत पाय ठरत होता तें ठिकाण खचून तेथें डबकें होतें. ओढे आपलें पात्र एका उन्हाळ्यांत दोनदां बदलतात. थोडक्यांत, मालक निघून गेल्यावर घरांतील सामानाची जी अवस्था होते ती येथें असते. कांहीं ढासळतें, कांहीं वाहून जातें, कांहीं वाऱ्यानें उडतें, आणि जागच्या जागीं बसावयास त्याला दशकें किंवा शतकें लागतात. मायकेल चर्च आणि जून रायडर या दोघा भूशास्त्रज्ञांनीं १९७२ मध्यें या अवस्थेचा स्वतंत्र विचार केला आणि तिला नांव दिलें. तोंवर ती हिमयुगाची केवळ शेपटी समजली जात होती.

या उजाड पसाऱ्यावर पहिलें पाऊल कोणाचें पडत असेल? मला वाटलें होतें, आणि वाचकांसही वाटेल, कीं आधीं गवत, मग गवत खाणारे, मग त्यांना खाणारे. लोवेनब्रेनच्या समोर संशोधकांना उलटेंच आढळलें. हिरवें पान उगवण्यापूर्वीं तेथें कोळी हजर होते. वाऱ्याबरोबर उडून येणारीं चिलटें व इतर क्षुद्र कीटक यांवर त्यांचा निर्वाह होई. म्हणजे खावयास गवत नाहीं अशा मुलुखांत शिकारी आधीं येऊन बसला! कोळ्यांचीं व कीटकांचीं प्रेतें, त्यांची विष्ठा, आणि डोळ्यांस न दिसणारे, हवेंतील नत्र जमिनींत बांधून ठेवणारे सूक्ष्म जीव, या सर्वांतून त्या दगडी पिठाला पहिला कस येतो. जमिनीवर एक काळपट, खरखरीत पापुद्रा धरूं लागतो. मग त्यावर शेवाळें. मग जांभळ्या फुलांची ठेंगणी सॅक्सिफ्रॅज, जिचा ताटवा थंड खडीवर एकाकी उमललेला पाहून प्रवासी थबकतात. आणि पुढें वाळुंजाची एक जात, जी आपल्याकडील नदीकांठच्या वाळुंजाची सख्खी नातलग असून उंचीनें बोटाएवढीही होत नाहीं. ती झाड असूनही जमिनीशीं लोळते, कारण तेथें वाऱ्यापुढें मान वर करणें परवडत नाहीं. शंभर वर्षें झाल्यावरही हा हिरवा गालिचा जागोजाग फाटकाच असतो. कोंकणांत एका पावसाळ्यांत पडक्या भिंतीवर जेवढें रान माजतें तेवढें माजवावयास या भूमीला शतक पुरत नाहीं.

या मंदपणाचा एक उपयोग मात्र झाला. आपल्या स्वयंपाकघरांतील गोड्या मसाल्यांत पडणारें दगडफूल सर्वांस परिचित आहे. त्याच कुळांतील एक पिवळसर हिरवी जात उत्तरेकडील खडकांवर काळ्या रेघांनीं विभागलेल्या ठिगळांच्या रूपानें वाढते, आणि ती हुबेहूब नकाशासारखी दिसते म्हणून तिचें नांवच नकाशा-दगडफूल असें पडलें आहे. तिची वाढ वर्षाला मिलिमीटरचा कांहीं अंश इतकीच. रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानें १९५० च्या सुमारास असा विचार केला कीं दगड बर्फांतून मोकळा झाल्यावरच त्यावर दगडफूल धरणार. तेव्हां सर्वांत मोठ्या ठिगळाचा व्यास मोजला तर दगड केव्हां उघडा पडला हें काढतां यावें. थडग्यांवरील दगडफुलांचा व्यास आणि त्यांवर कोरलेलें साल ताडून पाहून वाढीचें मान बसवितां येतें. ही रीति फार जुन्या काळाविषयीं बेभरंवशाची ठरते. पण जेथें एकही कागद नाहीं तेथें दगडावरील ठिगळ तारीख सांगूं लागावें, ही गोष्ट आमच्या धंद्यांतील माणसाला मत्सर वाटावा अशी आहे.

काँग्सफियोर्डच्या इतिहासांत एक मोठी उणीव आहे. तेथें कोणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले नाहीं. बर्फ येतांना पाहिलेला साक्षीदारच नाहीं. जेथें असा साक्षीदार होता त्या ठिकाणाकडे आतां वळलें पाहिजे. तें अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. काटेकोर भूगोलाप्रमाणें तें उत्तर ध्रुववृत्ताच्या बाहेर पडतें, पण समुद्रास मिळणाऱ्या हिमनद्यांची माघार इतकी स्पष्ट आणि इतक्या जुन्या लेखांत नोंदलेली दुसरीकडे क्वचितच सांपडेल.

१७९४ च्या उन्हाळ्यांत कप्तान व्हँकूव्हर याच्या आरमारांतील होड्या या किनाऱ्याची मोजणी करीत असतां त्यांना एका जागीं किनाऱ्याची रेघ थोडीशी आंत वळलेली, आणि पांचएक मैलांवर बर्फाची प्रचंड भिंत उभी असलेली दिसली. तेथें खाडी अशी नव्हतीच. १८७९ मध्यें जॉन म्यूर हा निसर्गवेत्ता त्लिंगित नाविकांच्या होडींतून तेथें गेला तों बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागें गेलेलें होतें आणि त्याच्या जागीं समुद्र होता. नाविकांनीं निघतांनाच होडींत सरपण भरून घेण्याचा आग्रह धरला होता. कारण नव्यानें उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर चूल पेटवावयास काटकीही मिळत नसे. १९१६ पर्यंत ही माघार ६५ मैलांवर गेली. सव्वाशें वर्षांत ६५ मैल! येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. या माघारीचा आरंभ कारखान्यांच्या धुराच्या फार पूर्वीचा आहे. खोल समुद्रांत पाय रोवून उभी असलेली हिमनदी एकदां आपल्या उंचवट्यावरून ढळली कीं हवामानाचा धक्का लहान असला तरी ती झपाट्यानें कोसळत जाते. म्हणून हें उदाहरण आजच्या तापमानवाढीचा पुरावा म्हणून देणें योग्य नव्हे. बर्फ गेल्यावर काय होतें याचा पुरावा म्हणून त्याला तोड नाहीं.

त्याच १९१६ सालीं विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञानें तेथील ताज्या भूमीवर एक एक मीटरचे कांहीं चौकोन आंखले आणि त्यांत काय उगवतें याची नोंद सुरू केली. त्याच्या खटपटीमुळें १९२५ मध्यें हा प्रदेश राष्ट्रीय संरक्षणाखालीं आला. आणि त्याच्या शिष्यांनीं व त्यांच्या मागून आलेल्यांनीं ते चौकोन सोडले नाहींत. शंभर वर्षांनंतरही ते मोजले गेले. गुरूनें आंखलेली चौकट तिसऱ्या-चौथ्या पिढीनें झाडीझुडुपांतून शोधून काढावी आणि तींतील रोपें पुनः मोजावीं, ही परंपरा मला तरी एखाद्या घराण्याच्या देवपूजेइतकीच हृद्य वाटते. या नोंदींतून एक सुबक क्रम तयार झाला: आधीं जमिनीलगतची ड्रायस, मग नत्र देणारें आल्डरचें दाट झुडूप, मग त्याच्या डोक्यावरून वर जाणारा स्प्रूसचा वृक्ष. पाठ्यपुस्तकांनीं तो लगेच उचलला. १९९५ मध्यें ख्रिस्तोफर फास्टी यानें झाडांचीं वलयें मोजून दाखविलें कीं सर्व ठिकाणीं असें घडलें नव्हतें. जेथें जुनें रान जवळ होतें तेथें बी उडून आलें आणि स्प्रूसनें कोणाची वाट पाहिली नाहीं. दूरच्या जागीं आल्डरचें राज्य माजलें. म्हणजे बर्फ सर्वत्र एकच होतें, तरी त्यानंतरची हकीकत शेजारीं कोण होतें यावर ठरली. आमच्या क्रमिक पुस्तकांतील राजवंशांच्या क्रमाविषयींही असा एखादा फास्टी केव्हां निपजेल कोण जाणे.

पण ज्या साक्षीदारासाठीं मीं वाचकांस येथवर आणलें तो कूपर नव्हे. हा प्रदेश हूना त्लिंगित लोकांचा. त्यांच्यांत एक कथा सांगत आले आहेत. वयांत आल्यामुळें एकांतांत बसविलेली कास्तीन नांवाची मुलगी कंटाळली आणि सुक्या मासळीचा तुकडा दाखवून, कुत्र्याला बोलवावें तसें तिनें हिमनदीला बोलाविलें. हिमनदी आली, कुत्र्याच्या वेगानें आली. गांव सोडण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. सगळे होड्यांत बसले, एक स्त्री मात्र मागें राहिली. एका पाठांत ती कास्तीनच आहे, दुसऱ्यांत एक वृद्धा. घरावर बर्फ चढतांना पाहून लोकांनीं समुद्रावर शोकगीत म्हटलें.

वर्गांत मीं अनेक वर्षें शिकविलें आहे कीं अशा कथांना लोकसाहित्यांत स्थान द्यावें, साधनसामग्रींत देऊं नये. व्हँकूव्हरच्या नोंदी साधन, कास्तीनची कथा करमणूक. अशी माझी सरळ विभागणी होती. परंतु भूशास्त्रज्ञांनीं तेथील गाळ, दगड आणि हिमनदीनें गाडलेल्या झाडांचे बुंधे तपासले, आणि निष्कर्ष असा निघाला कीं खाडीच्या खालच्या अंगास पूर्वीं खरोखरच वस्तीस योग्य अशी रानें-कुरणें असलेली भूमि होती, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिमनदी तिच्यावर चालून गेली. व्हँकूव्हरच्या माणसांनीं पाहिलेली ती भिंत म्हणजे या स्वारीचा शेवट होता. कथेनें वेगही बरा लक्षांत ठेवला होता. जें शास्त्राला दगड फोडून मिळालें तें या लोकांनीं एका मुलीच्या अपराधाच्या रूपानें जपून ठेवलें होतें. आजवर वर्गांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना परत बोलावून हें सांगतां येत नाहीं, याची मला खंत आहे.

आणि नांवांचें पाहा. हिमनदी येण्यापूर्वीं हूना लोक या भूमीच्या एका भागाला स’ए शुयी म्हणत. अर्थ, हिमनदीच्या चिखलाची कड. बर्फ येऊन गेल्यावर जी खाडी उरली तिला त्यांनीं नांव दिलें सित्’ ईती गेयी, म्हणजे हिमनदीच्या जागची खाडी. भूमि बदलली, नांव बदललें, आणि नव्या नांवांत जुन्याची आठवणही राहिली. छापील नकाशा बाळगणाऱ्या लोकांना ब्लोमस्ट्रान्डच्या बाबतींत हें साधलेलें नाहीं. २०१६ च्या ऑगस्टमध्यें त्याच खाडीच्या कांठीं हूना लोकांचें कुलगृह पुनः उभें राहिलें. सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं गाडल्या गेलेल्या घरांची तें आठवण आहे.

बर्फ गेल्याचा आणखी एक परिणाम असा कीं जमीनच वर येते. मैलभर जाडीच्या बर्फाखालीं भूकवच दबलेलें असतें. भार उतरला कीं तें, गादीवरून माणूस उठल्यावर कापूस फुगावा तसें, सावकाश उचललें जातें. अलास्काच्या या भागांत कोठें कोठें हा उठाव वर्षाला तीन सेंटिमीटरपर्यंत आहे. खाडीच्या तोंडाशीं असलेल्या गस्टेव्हस गांवांत समुद्र मागें सरला, आणि पूर्वीं जेथें भरतीचें पाणी येई त्या जमिनीवर एका कुटुंबानें गोल्फचें मैदान केलें. आमच्या खाडीकांठच्या गाळजमिनींचे दावे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना अशा नव्या जमिनीचा मालक कोण हा प्रश्न सुचल्यावांचून राहणार नाहीं. स्वालबारच्या किनाऱ्यांवरही आजच्या भरतीरेषेहून कितीतरी उंचावर जुने पुळणीचे टप्पे दिसतात, आणि त्यांवर देवमाशांचीं हाडें व वाहून आलेलीं लांकडें पडलेलीं असतात. तीं समुद्रानेंच तेथें ठेवलीं, मग जमीन तीं घेऊन वर गेली.

या गोष्टीचा उलगडाही एका इतिहासाच्या साधनानेंच सुरू झाला. तापमापकामुळें ज्याचें नांव घरोघर गेलें त्या अँडर्स सेल्सियसनें स्वीडनच्या किनाऱ्यावरील सील मारण्याच्या खडकांविषयींचीं जुनीं कागदपत्रें पाहिलीं. ज्या खडकांवर सील चढून बसत ते खडक मोलाचे असत आणि त्यांच्या नोंदी राहत. पुढें ते पाण्यावर फार उंच आले, सील त्यांवर चढेनासे झाले आणि खडकांची किंमत गेली. सेल्सियसनें १७३१ मध्यें लोव्हग्रुंड बेटावरील खडकावर समुद्रपातळीची खूण कोरविली. त्याचा निष्कर्ष मात्र चुकला: समुद्राचें पाणी घटत आहे असें त्याला वाटलें. पाणी घटत नसून जमीन उठत आहे हें पटण्यास शंभर वर्षें गेलीं, आणि ती कां उठत आहे हें सांगण्यास आणखी कांहीं. १८६५ मध्यें टॉमस जेमीसन या स्कॉटिश भूशास्त्रज्ञानें कारण सुचविलें: पूर्वींच्या बर्फाचा भार. दहा हजार वर्षांपूर्वीं उतरलेल्या ओझ्यानें दबलेली पाठ ती भूमि अजून सरळ करीत आहे.

सगळेंच इतकें सावकाश होत नाहीं. दरीच्या उभ्या कड्यांना हिमनदीचा टेंका असतो, आणि तो गेला कीं कडे लटके पडतात. पूर्व ग्रीनलंडमधील डिक्सन फियोर्डमध्यें १६ सप्टेंबर २०२३ रोजीं असाच एक डोंगर कोसळला. त्याच्या पायथ्याची हिमनदी पातळ होत होत त्याचा आधार निघाला होता. अडीच कोटि घनमीटरहून अधिक दगड व बर्फ पाण्यांत पडलें, सुमारें २०० मीटर उंचीची लाट उसळली, आणि अरुंद खाडींत पाणी परातींतल्या पाण्यासारखें नऊ दिवस हिंदकळत राहिलें. भूकंपमापक यंत्रांवर त्याची एकसुरी नोंद साऱ्या जगांत उमटली, आणि ती कशाची हें कांहीं काळ कोणास कळेना. सुदैवानें तेथें त्या वेळीं मनुष्य नव्हता.

आतां पुनः काँग्सफियोर्डकडे. न्यू ओलेसुंद हें मूळचें कोळशाच्या खाणीचें गांव. १९२६ मध्यें आमुंडसेनचें ‘नॉर्गे’ विमान-जहाज येथूनच ध्रुवावरून गेलें. तें बांधण्याचा खांब अजून उभा आहे. नोव्हेंबर १९६२ मध्यें खाणींतील स्फोटांत २१ माणसें दगावलीं आणि पुढच्या वर्षीं खाण बंद झाली. आज तेथें अनेक देशांचीं संशोधनकेंद्रें आहेत, आणि त्यांत १ जुलै २००८ पासून आपलें ‘हिमाद्रि’ आहे. त्याची सूत्रें हालतात गोंव्यांतून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधनकेंद्रांतून. २०१४ च्या जुलैमध्यें याच खाडीच्या पाण्यांत भारतीयांनीं मोजणीचीं यंत्रें नांगरून ठेवलीं. ध्रुवाकडील बर्फ आणि आपला पाऊस यांचा संबंध काय हा त्यांच्यापुढील प्रश्नांपैकीं एक आहे. १९२० च्या फेब्रुवारींत पॅरिसला स्वालबारचा तह झाला तेव्हां परक्या सरकारानें हिंदुस्थानच्या वतीनेंही सही केली होती. त्या वेळच्या हिंदी वाचकाला तें कलम वाचून हंसूं आलें असेल.

हिमाद्रींत राहणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना खाडीच्या पलीकडे तो भूभाग दिसतो. मॅन्सफील्डचीं गंजलेलीं यंत्रें तेथें आहेत. त्याच्या पाठीमागें, जेथें पूर्वीं बर्फ होतें, तेथून आतां होडी जाते. डावीकडे हिमनदी, उजवीकडे कोऱ्या खडीचा किनारा, आणि होडीवाल्याच्या हातांतील नकाशावर छापलेलें असतें, अर्धें बेट.